कशावरही जाणारे रंग

…आणि वर मलाच म्हणते कशी, "वहिनी, त्यात एवढं डोकं काय लावायचंय? न्यूट्रल रंग कशावरही जातात." कशावरही जातात. आता तुम्हीच सांगा, पलंगावर नऊ कपडे पसरलेत, नऊच्या नऊ न्यूट्रल, आणि एक जण दुसऱ्यावर जायला तयार नाही, भांडण झालेल्या जावांसारखे एकमेकांकडे पाठ करून पडलेत, त्यांच्या मधोमध आमची टिमकी बसलीय, तिच्या मुठीत शिजवलेलं गाजर, आणि मी दारात उभी राहून विचार करतेय की आधी गाजर सोडवू की आधी पँट… तुम्हाला सांगते, विचार संपेपर्यंत दोन्ही सुटण्यापलीकडे गेलं होतं.

टिमकी म्हणजे माझी मुलगी, चौदा महिन्यांची. नाव चांगलं चार अक्षरी ठेवलंय, पण आवाज असा आहे की ते नाव कुणाला आठवत नाही. आणि मला वहिनी म्हणणारी ती माझी नणंद, वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आत्मविश्वासानं वीस वर्षांनी मोठी. कपड्यांमधलं तिला कळतं. म्हणजे घरात सगळे तसं म्हणतात आणि ती स्वतःही म्हणते, त्यामुळे त्यावर चर्चा उरलेली नाही. मला कपड्यांमधलं कळत नाही, हेही असंच चर्चेविना ठरलेलं आहे.

आता तुम्हाला वाटेल, बाईला दुसरा उद्योग नाही, घरात लहान मूल आणि ही कपडे जुळवत बसलीय. अहो, हौस म्हणून नाही हो. नोकरीचा प्रश्न आहे. थांबा, नीट सांगते, नाहीतर माझं नेहमी असं होतं, शेवट आधी सांगून मोकळी होते आणि मग लोक नुसते बघत राहतात.

मी रंगाच्या कारखान्यात काम करते, भिंतींना लावतात तो रंग. आमच्याकडे एक खोली आहे, शेड-रूम. गिऱ्हाईक काहीतरी घेऊन येतं, पडद्याचा तुकडा, फुटकी फरशी, एकदा एक बाई पिशवीत मांजर घेऊन आल्या होत्या, आणि म्हणतं, अगदी असाच रंग पाहिजे. मग आम्ही डब्यातला रंग त्या तुकड्याशी, किंवा मांजराशी, जुळवायचा. यंत्र आहे त्याला, पण यंत्राचं मत विचारतात आणि डोळ्याचं ऐकतात. तिथला डोळा म्हणजे मी. सहा वर्षं मी. मला दुसरं काही विशेष येत नाही बरं का, गाडी उलटी घेता येत नाही, पोळी… म्हणजे जेवण बरं होतं, पण लोक पुन्हा मागत नाहीत. एवढं एकच येतं, दोन पांढरे शेजारी ठेवा, मी सांगते कुठला निळ्याकडे झुकलाय. आयुष्यात एखादी तरी गोष्ट आपल्याला येते असं वाटायला लागतं माणसाला. माझी ती होती.

टिमकीसाठी रजा घेतली, मग वाढवली, मग आणखी वाढवली, आणि पंधराव्या महिन्यात पत्र आलं. नव्या मॅडम आल्यात, आमच्या विभागप्रमुख, मी त्यांना पाहिलेलंही नव्हतं. पत्रात दोनच मुद्दे. पहिला, महिनाअखेरच्या सोमवारी हजर व्हा, डोळ्यांची रंगपरीक्षा होईल, उत्तीर्ण झालात तर शेड-रूममधली खुर्ची तुमची, नाहीतर लेबलांचं टेबल. लेबलांचं टेबल म्हणजे काय, डब्यावरचं लेबल सरळ चिकटलंय का तिरकं, ते दिवसभर बघायचं. तिथं बसलेला माणूस घरी गेल्यावर भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत सुटतो म्हणे. आणि दुसरा मुद्दा, शेड-रूममध्ये यापुढे फक्त न्यूट्रल रंगाचे कपडे, "मागे घडलेल्या एका प्रकारामुळे."

मागे घडलेला एक प्रकार… तो मीच आहे.

काय झालं, रजेआधीचा माझा शेवटचा दिवस. नववा महिना लागलेला, अंगाला फक्त एकच कपडा होत होता, पोपटी तंबू. अगदी कच्च्या कैरीचा पोपटी. त्या दिवशी एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याचा क्रीम रंग जुळवायचा होता. आता त्या खोलीच्या भिंती राखाडी, टेबल राखाडी, का, तर डोळ्याला दुसरा रंग दिसू नये. आणि त्या राखाडी खोलीत मी एवढा मोठा पोपटी घेऊन वाकले नमुन्यावर. माझ्या पोटाचा पोपटी पडला त्या क्रीमवर, मला क्रीम हिरवट दिसायला लागलं, म्हणून मी थेंबभर लाल घातलं, तरी हिरवट, आणखी थेंबभर, तरी हिरवट, असं करत करत मनासारखं जमलं तेव्हा सही ठोकली आणि सगळ्यांचा निरोप घेऊन रजेवर गेले. भिंतीला लागल्यावर तो रंग हुबेहूब हिरड्यांचा निघाला. पेशंट म्हणे आत यायचे आणि त्यांना तोंडाच्या आत बसल्यासारखं वाटायचं.

तर ही माझी शेवटची कामगिरी. त्यावर पंधरा महिन्यांची झोपमोड. मला स्वतःलाच खात्री नव्हती की डोळा उरलाय. टिमकी झाल्यापासून मी चष्मा फ्रीजमध्ये ठेवलाय, एकदा दुसऱ्याच्याच दाराला किल्ली लावून दहा मिनिटं चिडलेय. डोकं गेलं ते गेलं, पण डोळाही गेला असेल तर माझ्याकडे उरलं काय? हे मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर नवरा म्हणाला असता, अगं होईल सगळं नीट. तो हे पावसाला, परीक्षेला आणि गॅस संपला तरी एकाच आवाजात म्हणतो.

मग कपाट उघडलं. शेंदरी. राणी. मोरपंखी. लिंबाचा पिवळा. जांभळ्यावर पिवळे ठिपके, ते कोणत्या मनःस्थितीत घेतलं देव जाणे. दिवसभर राखाडी खोलीत बसणारं माणूस कपडे असेच घेणार ना? कपाटात एकही मुकाट्यानं बसणारा रंग नाही. म्हणून नणंदेला फोन केला, आणि तिथंच माझं चुकलं. तिनं सगळं ऐकून घेतलं नाही. न्यूट्रल एवढा एक शब्द ऐकला आणि म्हणाली, वहिनी, अगं तीच तर फॅशन आहे आता, आणि सोपं किती, न्यूट्रल रंग कशावरही जातात. नुसतं साधं जायचं नाही हं, असं जायचं की तुझ्या खुर्चीवर बसलेली ती मुलगी उठून उभी राहिली पाहिजे. माझ्या खुर्चीवर खरंच एक मुलगी बसलीय, बदली म्हणून आलेली. ती फिक्या करड्या रंगाची लोकरीची शाल गळ्याभोवती अशी टाकते म्हणे की जणू आपोआप पडली. मी स्कार्फ घेतला की घसा बसलाय का विचारतात.

मग नणंदेनं फोटो पाठवले. बासष्ट. सगळ्या फोटोत एक बाई, पांढऱ्या सोफ्यावर, दुधी रंगाची पँट, त्याहून जरासा वेगळा दुधी स्वेटर, हातात कप. त्या घरात मूल नाही हे फोटोवरून लगेच कळतं, कारण कप भरलेला आहे आणि बाई त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीये. खाली नणंदेचं सूत्र, तीन खालचे, तीन वरचे, तीन त्यावरून घालायचे, नऊ कपड्यांत सत्तावीस पोशाख. नवऱ्यानं लगेच गुणाकार करून पाहिला आणि खूश झाला, म्हणाला, अगं महिना निघाला की तुझा. सासूबाईंनी फोटो लांब धरून बघितले, जवळ धरून बघितले आणि म्हणाल्या, हे तर मळखाऊ रंग, यात छान काय? तर आई, मळखाऊ असते तर मी रडले असते का? मळखाऊ रंग मळ खातात. हे रंग मळ दाखवतात, भिंग लावून.

बरं, दुकानात गेले. टिमकीला बाबागाडीत घातलं, एका हातानं गाडी, एका हातानं कपडे. दुकानातली ती विक्रेती, नखं सुद्धा बेज हो तिची, ती मागे मागे, मॅडम हा सॅंड, मॅडम हा ओट, मॅडम हा मश्रूम, आणि काहीही उचललं की म्हणायची, घ्या ना, कशावरही जातो. तीही तेच. यांची कुठं शाळा आहे का? मी पण पाहिलं, सगळे कसे छान एका रंगाचे दिसत होते, पँटला टॉप, टॉपला स्वेटर, अगदी सख्खे. घेतले नऊ.

घरी आणले. खिडकीत धरले.

पँट गुलाबी. टॉप हिरवट. स्वेटर जुन्या दातांसारखा पिवळा.

आता हसाल तुम्ही, पण हे मी शिकवते. सहा वर्षं नव्या पोरांना पहिल्या दिवशी पहिला धडा मी हाच देते, एका दिव्याखाली दोन रंग सख्खे दिसतात, दुसऱ्या दिव्याखाली सावत्र, म्हणून दिव्यावर विश्वास ठेवायचा नाही, नमुना उजेडात न्यायचा. आणि माझ्यासारखीनं दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली नऊ कपडे घ्यावेत? का घेतले? कारण टिमकी गाडीत बसून दुकानाचं हँगर चघळत होती, आणि माझं अर्धं लक्ष हँगरच्या टोकदार आकड्याकडे होतं. पण खरं सांगू, मला त्याचं एवढं वाटलं नाही. पुढे जे झालं त्याचं वाटलं. नवरा आला, त्यानं पँट आणि टॉप हातात घेऊन म्हटलं, अगं सारखेच तर आहेत दोन्ही. आणि मी पाहिलं… आणि क्षणभर मलाही सारखेच दिसले. एकच क्षण. मग पुन्हा वेगळे दिसले. पण मधला तो क्षण काही विसरता येईना. आधी चुकले ते दिव्यामुळे, का आता डोळ्यामुळे? का आत्ता बरोबर दिसतंय तेच चूक आहे?

दुसऱ्या दिवशी नऊच्या नऊ बदलायला गेले. या वेळी म्हटलं फसायचं नाही. एकेक कपडा घेऊन दुकानाच्या दाराशी जायचं, उजेडात धरायचा, परत यायचं. दाराशी गेलं की चोरी पकडणारं ते यंत्र कोकलायचं, पहारेकरी उठून उभा राहायचा. चौथ्या वेळी त्यानं खुर्चीच दाराबाहेर घेतली आणि मला म्हणाला, ताई, तुम्ही बघा सावकाश, मी इथंच आहे. बेज नखंवाली आता मॅडम म्हणत नव्हती. सत्तावीसदा आत-बाहेर केलं मी, आणि टिमकीला तो कोकलण्याचा आवाज इतका आवडला की थांबलं की ती स्वतः काढायची.

तरी काय मिळालं? घरी येऊन वहीत लिहिलं, पँट एक टॉप एक, पँट एक टॉप दोन, करत करत सत्तावीस. सत्तावीसपैकी जमणारा पोशाख एक. एकच. करडी-बेज पँट, त्याच जातीचा टॉप, त्यावर राखाडी जाकीट. नणंदेला सांगितलं तर म्हणाली, वहिनी, तू जरा जास्तच बघतेस, लोक एवढं बघत नाहीत. मी म्हटलं, अगं ज्या खोलीत मी चाललेय तिथले लोक फक्त तेवढंच बघतात, त्यांना त्याचा पगार आहे. तर म्हणे, ते काही नाही, न्यूट्रल रंग कशावरही जातात. गुडघ्यावर चोळायच्या मलमासारखं आहे हो ते वाक्य, दुखणं कुठलंही असो.

आणि हा जो एक पोशाख, तो मी रविवारी सकाळी पलंगावर काढून ठेवला, बाकीचे आठ तसेच, शेवटचं एकदा ताडून बघावं म्हणून. तेवढ्यात टिमकी चढली. गाजराचं तुम्हाला सांगितलंच. कुठं पुसलं तिनं गाजर? नऊ कपडे होते. तिनं हात नेमका त्या एका पँटवर पुसला, आणि मग विचार करून टॉपवर.

मी बसले. नुसती बसले पलंगाच्या कडेला. तेव्हा नवरा म्हणाला, तू पड जरा, मी धुतो. प्रेमानं म्हणाला हो, त्यात शंका नाही. माणूस चांगला आहे, म्हणून तर काही बोलता येत नाही. मी पडले, झोपले, चार महिन्यांत पहिल्यांदा दुपारची झोपले, आणि त्यानं त्या पँटबरोबर, त्या टॉपबरोबर, मशीन रिकामी कशाला फिरवायची म्हणून टिमकीची नवी लाल टोपी घातली.

वाळून आले कपडे. गाजर गेलं होतं. मी खिडकीत धरले. दोन्ही गुलाबी. म्हणजे टोपीसारखे गुलाबी नाही, एवढेसे, श्वासाएवढे, पण गुलाबी. नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला, अगं काहीच झालेलं नाही, होते तस्से आहेत. सासूबाईंना दाखवलं, त्यांनी चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं, म्हणाल्या, मला आधीही मळके दिसत होते, आत्ताही तसेच दिसतायत. नणंदेला फोनवर दाखवलं, ती म्हणाली, वहिनी, बेज आहे तो, स्वच्छ बेज, तू आता झोप बघू. तीन माणसं. तिन्ही धडधाकट, तिघांची झोप पूर्ण झालेली. आणि दिसतंय फक्त मला. आता मी काय समजायचं? माझा डोळा इतका चांगला आहे, का माझं डोकं इतकं गेलंय? दोन्हींत बाहेरून फरक दिसत नाही, तुम्हाला सांगते, आतूनही दिसत नाही.

सोमवारी तोच घातला. दुसरं होतं काय? आरशात पाहिलं तर चेहरा आणि टॉप कुठं वेगळे होतात तेच कळेना, नुसते डोळे आणि केस चालल्यासारखे. सासूबाई टिमकीला कडेवर घेऊन दाराशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, बरं वाटत नसेल तर आजचा दिवस राहू दे का? रस्त्यात औषधाच्या दुकानवाल्यानं, नेहमीचा आहे तो, न विचारता ताप उतरण्याची गोळी काढली. कारखान्याच्या फाटकावर पंधरा महिन्यांनी भेटलेला रखवालदार म्हणाला, मोठ्या आजारातून उठलात वाटतं. फोटोतली बाई या रंगात महागडी दिसते. मी दवाखान्यातून पळून आल्यासारखी दिसत होते.

मॅडम शेड-रूमच्या दारातच भेटल्या. उंच, बारीक, राखाडी साडेतीन हात. नमस्कार नाही, चमत्कार नाही, दिवा लावला, मला त्याच्याखाली उभं केलं आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या खुर्चीवरची ती मुलगीही पाहत होती, लोकर आपोआप पडलेलीच होती. मग मॅडम म्हणाल्या,

"हे गुलाबी आहे."

अहो, काय सांगू तुम्हाला. माणसानं लाजावं, खाली बघावं, पहिल्याच दिवशी पहिलाच नियम मोडलाय. आणि मला त्या बाईंच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तीन आठवड्यांत पहिलं माणूस, ज्याला मला दिसतं ते दिसलं. मी म्हटलं, हो ना मॅडम, गुलाबी आहे ना, नक्की ना, लाल टोपीबरोबर धुतलंय. त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं आणि खुंटीवरचा राखाडी कोट काढून दिला. म्हणाल्या, आतमध्ये सगळ्यांनी हाच घालायचा, गळ्यापर्यंत बटणं लावून, मागच्या आठवड्यापासून कंपनीनंच दिलेत, त्याचं दुसरं पत्र मिळालं असेल ना तुम्हाला? पत्र. आलं होतं बहुतेक काहीतरी. टिमकीनं खाल्लं.

म्हणजे सत्तावीस पोशाख, बासष्ट फोटो, दाराशी कोकलणारं यंत्र, सगळं त्या कोटाच्या आत. बाह्या बोटांच्या खालपर्यंत, वास थिनरचा. शेंदरी घालून आले असते तरी चाललं असतं. जांभळ्यावरचे पिवळे ठिपकेसुद्धा. त्या कोटावर मात्र काहीही जात होतं, खरंच.

मग परीक्षा. पाच लांबट पेट्या, प्रत्येकीत बाटलीच्या झाकणाएवढ्या वीस-बावीस चकत्या, सगळ्या विस्कटलेल्या, आणि त्या रंगाच्या उतरत्या क्रमानं लावायच्या, पेटीला दोन मिनिटं. चकतीच्या पाठीवर आकडा असतो, तो मॅडम नंतर उलटून बघणार. पहिली पेटी लालसर, दुसरी हिरवी, तिसरी निळी, चौथी जांभळी, आणि पाचवी आमच्या कंपनीची खास, क्रीमपासून मोहरीपर्यंतच्या मातकट रंगांची. भिंतींना जग तेच लावतं, आणि परीक्षेत माणसं तिथंच आपटतात. मी सहा वर्षांत त्या पेटीत तीन चुकांच्या खाली कधी आले नव्हते.

लाल लावली, पुन्हा पुन्हा तपासली. हिरवीत एकच चकती दोनदा इकडून तिकडे केली. निळीत तर सगळ्या एकच दिसायला लागल्या, वाटलं संपलं, उद्यापासून लेबल सरळ का तिरकं. पाचवी पेटी उघडली आणि… काय झालं मला कळलंच नाही. हात आपोआप. ही इथं, ही तिच्यानंतर, ही जरा हिरवट, ही कालची, म्हणजे… ही त्याच्या पुढची. दोन मिनिटांची पेटी मी पन्नास सेकंदांत मिटवली आणि हात मांडीवर ठेवून बसले.

मॅडमनी चकत्या उलटल्या. लाल, दोन चुका. हिरवी, तीन. निळी, चार, आणि माझ्याकडे पाहिलं. जांभळी, दोन. पाचवी उलटली. मग पुन्हा पहिल्यापासून बघितली. मग चष्मा काढून बघितली. माझ्या खुर्चीवरची मुलगी उठून उभी राहिली, लोकर या वेळी खरंच आपोआप पडली.

शून्य. एकही चूक नाही. मॅडम म्हणाल्या, माझ्यासुद्धा इथं दोन येतात. आणि मग विचारलं,

"रजेत सराव कुठं केलात?"

आता काय सांगायचं सांगा. तुमच्यात ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांच्या लक्षात आलंच असेल. पहिल्या महिन्यात मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लंगोटातल्या रंगावर लक्ष ठेवा, काही वेगळं वाटलं तर फोन करा. वेगळं. म्हणजे किती वेगळं? माझ्यासारख्या घाबरटाला असं मोघम सांगून कसं चालेल? मी कंपनीचं जुनं शेडकार्ड काढलं, टिमकीचे लंगोट बदलायच्या टेबलाशी खिळ्याला टांगलं, आणि दर वेळी पडदा सरकवून, खिडकीच्या उजेडात, कार्ड शेजारी धरून बघायची. वहीत तारीख, वेळ, छटा. डॉक्टरांना फोन करायचे, सकाळी ओली वाळू होतं, दुपारी मोहरीकडे गेलंय, उजळपणा तोच आहे पण अर्धी छटा हिरवट. पलीकडून, बरं, बरं, ठीक आहे, काळजीचं कारण नाही. चौदा महिने, रोजचे चार-पाच नमुने. घरचे हसायचे. मला वाटायचं मी वेडी होतेय. मी तर पाचवी पेटी लावत होते.

मॅडम वाट बघत होत्या. मी म्हटलं, घरीच केला, रोज नमुने बघत होते. त्या म्हणाल्या, कुणाचे? मी म्हटलं, एकाच गिऱ्हाइकाचे, फार चोखंदळ आहे. मॅडमनी मान डोलावली, असं समर्पण आजकाल दिसत नाही म्हणाल्या, आणि तिथल्या तिथं कागदावर लिहून दिलं. खुर्ची माझी. आणि नुसती खुर्ची नाही, कंपनीची नवी मालिका येतेय, एकशे ऐंशी छटा, सगळ्या मातकट, क्रीमपासून मोहरीपर्यंत, ती अख्खी माझ्याकडे, दोन वर्षं. त्या मुलीलाही दुसरी खुर्ची मिळाली, माझ्याकडून शिकायला. तिनं वही उघडून विचारलंही, ताई, सुरुवात कशी करू? मी तिच्याकडे नुसतं शेडकार्ड सरकवलं. तिचं लग्न व्हायचंय अजून.

आनंद झाला मला, नाही कसा होणार? डोळा होता. जागच्या जागी होता. मी बाहेर येऊन एक मिनिट जिन्यात उभी राहिले, म्हटलं आधी घरी सांगावं, तोच फोन वाजला. सासूबाई. मी म्हटलं, आई, झालं, मिळाली खुर्ची, आता दोन वर्षं फक्त तेच रंग. त्या म्हणाल्या, बरं झालं गं बाई. आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आज टिमकीचा नमुना जरा वेगळाच दिसतोय. मी टाकून नाही दिला, तुझ्यासाठी ठेवलाय."

मी म्हटलं, राहू दे आई, येतेच मी.